सेवा क्लबवाले नाटकाची तिकिटं खपवतात, त्या पैशाचं पुढे होतं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "माझं किराणा दुकान आहे. गावातले रोटरीवाले दर वर्षी नाटकाची तिकिटं गळ्यात मारतात, वर स्मरणिकेला जाहिरात मागतात. हा पैसा खरंच सेवेला लागतो की यांच्या जेवणावळींत जातो?"

तिकिटांचं पुस्तक घेऊन तुमच्या दुकानाची पायरी चढणाऱ्यांपैकीच मी एक. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमचा क्लब आहे. चौदा वर्षं सभासद आहे आणि त्यातली दोन वर्षं ट्रेझरर होतो, म्हणजे दुकानदारांची तोंडंही पाहिलीत आणि वहीही लिहिलीय.

जेवणाचं आधी सांगतो, कारण खरा संशय तिथेच असतो. मीटिंगनंतरचं जेवण, हॉलचं भाडं, डिस्ट्रिक्टला (म्हणजे अनेक क्लबांचा मिळून केलेला रोटरीचा विभाग, सरकारी जिल्हा नव्हे) आणि वर आंतरराष्ट्रीय कार्यालयाला भरायचे ड्यूज हे सगळं सभासदांच्या वर्गणीतून व्हायचं असतं. तुमच्याकडून घेतलेला पैसा वेगळ्या खात्यात जायला हवा. बऱ्याच क्लबांचा त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला स्वतंत्र ट्रस्ट असतो. 'जायला हवा' असं जपून म्हणतोय. माझ्या आधीच्या एका वर्षी आमच्याच क्लबात पदग्रहण सोहळ्याच्या मांडवाचं बिल सेवेच्या खात्यातून चुकतं झालं होतं. ऑडिटला ते निघालं, बरीच आदळआपट झाली आणि त्या वर्षीच्या अध्यक्षांनी शेवटी खिशातून रक्कम भरली. तेव्हा तुमचा संशय अगदीच हवेतला नाही. पुढच्या वेळी कुणी आलं की एवढंच विचारा: दोन खाती वेगळी आहेत का, आणि पावती कुठल्या खात्याची देताय? उत्तर देताना माणूस चाचरला तर समजून जा.

आता नाटक. लोकांना वाटतं, हाउसफुल्ल म्हणजे क्लबाची चांदी. तसं नसतं. निर्मात्याशी प्रयोगाची रक्कम आधीच ठरते, ज्याला आम्ही 'नाइट ठरली' म्हणतो. वर नाट्यगृहाचं भाडं, लाइट-साउंड, मंडळींची राहण्या-जेवण्याची सोय, बसचा खर्च. माझ्या दोन्ही वर्षी तिकिटांचा पैसा यातच जिरला. हातात उरलं ते स्मरणिकेतल्या जाहिरातींचं. मलपृष्ठ साखर कारखान्याला किंवा पतसंस्थेला, आतली रंगीत पानं सराफांना, आणि तुमच्यासारख्यांची पाव पानाची 'हार्दिक शुभेच्छा'. ती स्मरणिका कुणी वाचत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. पण सेवेचं खातं त्या पाव-पाव पानांवरच उभं राहतं.

नाटकाची एक आठवण मात्र बोचते. पहिल्या चार रांगा सगळ्यात महाग, म्हणून त्या सगळ्यात आधी बड्या मंडळींना खपल्या. पडदा वर गेला तर पुढच्या चारही रांगा रिकाम्या! तिकीट घेतलेलं, पण यायची इच्छा कुणालाच नव्हती. मध्यंतरात मुख्य नट विंगेत आम्हाला म्हणाले, "अहो, अंधारात बोलायची सवय आहे आम्हाला, पण मोकळ्या खुर्च्यांशी नाही." त्यानंतर आम्ही शहाणे झालो. पुढच्या वर्षी मुलींच्या वसतिगृहाला कळवून ठेवलं आणि तिसरी घंटा झाली की रिकाम्या जागी मुलींना बसवलं.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण जमलेला पैसा गावातच खर्च झाला तर तेवढाच राहतो, पण नीट गुंफला तर वाढतो. रोटरी फाउंडेशन ही रोटरीची देणग्या सांभाळणारी संस्था. तिच्या ग्लोबल ग्रँटसाठी, म्हणजे मोठ्या अनुदानासाठी, प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो आणि दुसऱ्या देशातला एक क्लब भागीदार लागतो. सभासद फाउंडेशनच्या वार्षिक निधीला जे देतात, त्यातला साधारण निम्मा वाटा तीन वर्षांनी आपल्याच डिस्ट्रिक्टच्या हाती परत येतो. त्यातून डिस्ट्रिक्टने प्रकल्पाला जे घातलं, त्यावर फाउंडेशनकडून ८० टक्के भर पडते. गावोगावच्या धर्मादाय दवाखान्यांत जी डायलिसिस यंत्रं दिसतात, त्यातली काही याच वाटेने आलेली. यातला एक नियम मला फार आवडतो: यंत्राची मालकी क्लबाची नसते, दवाखान्याची असते. म्हणजे उद्या अध्यक्ष रुसले तरी यंत्र जागचं हलत नाही.

पोलिओच्या पैशाचंही असंच. रोटरीने १९८५ साली पोलिओचं काम अंगावर घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालात हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी त्या कामासाठी अजून पैसा जमवतात, कारण पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू संपलेला नाही. क्लबांनी दिलेल्या एका डॉलरमागे गेट्स फाउंडेशन दोन घालतं, त्याला वर्षाची मर्यादा आहे एवढंच. रविवारी सकाळी बूथवर बसून डोस पाजलेल्या पोरांच्या करंगळीला शाई लावायचं काम मीही केलंय. सरकारी नर्सताई आणि आशाताई खरं काम करायच्या, आम्ही बिस्किटं वाटायचो आणि घरोघर हाका मारायचो. श्रेय वाटून घेताना हे प्रमाण लक्षात ठेवावं असं माझं मत. क्लबात ते सगळ्यांना रुचत नाही.

पैसा न मागता येतो तो आपत्तीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद. पाणी ओसरताच राज्यभरातल्या क्लबांच्या गाड्या आल्या. फोन उचलून उचलून माझा घसा बसला. पण गाड्यांत होतं काय? जुन्या साड्या, विटलेले शर्ट, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. एका शाळेच्या वर्गात कपड्यांचा छताला लागेल असा ढीग झाला आणि तो हलवायला आम्हालाच मजूर लावावे लागले. लोकांना हवं होतं ते वेगळंच: खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर, चटया, सॅनिटरी पॅड, स्टोव्ह, पोरांची पुस्तकं. चिखलाने भरलेल्या घरात माणूस आधी खराटा शोधतो. तिसऱ्या दिवसापासून आम्ही "कपडे नकोत" असं फोनवर स्पष्ट सांगायला लागलो आणि दोन क्लब रागावले. रोख रक्कम पाठवणाऱ्यांनी मात्र खरी मदत केली, कारण खराटे इथल्याच बाजारातून घेता आले आणि पुरात बुडालेल्या दुकानदारांचाही थोडा धंदा झाला.

आता आमचा दोष. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं, आणि अध्यक्ष दर वर्षी नवा. त्यामुळे प्रत्येकाला आपल्या नावाचा नवा प्रकल्प हवा असतो. शाळेत पाणी शुद्ध करायचं यंत्र बसतं, फीत कापली जाते, फोटो पेपरात येतो. दोन वर्षांनी जावं तर फिल्टर तुंबलेला आणि पोरं परत नळाचं पाणी पितात. फिल्टर बदलायला देणगीदार मिळत नाही, कारण फिल्टरवर नाव कोरता येत नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी मी हट्टाने नव्या यंत्राऐवजी जुन्या पाच शाळांतली यंत्रं दुरुस्त करून घेतली. बातमी एकाही पेपरात आली नाही आणि डिस्ट्रिक्टच्या बक्षिसांत आमचा नंबरही लागला नाही.

तुमच्या कामाची एक व्यवहारी गोष्ट. नाटकाचं तिकीट म्हणजे देणगी नव्हे, त्यावर ८०जी, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकर वजावट, मिळत नाही. स्मरणिकेची जाहिरात तुमच्या धंद्याच्या जाहिरात खर्चात दाखवा. देणगीच द्यायची असेल तर ट्रस्टच्या नावाने चेक किंवा यूपीआयने द्या, कारण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. पॅन द्या आणि जूनच्या सुरुवातीला देणगीचं प्रमाणपत्र (१०बीई) मागून घ्या, ते आपणहून कुणी आणून देत नाही. नवी करपद्धत निवडली असेल तर मात्र या वजावटीचा उपयोग नाही.

आणि पुढच्या रांगेचं तिकीट घेतलंत तर नाटकाला या. दुकान बंद करणं जमत नसेल तर तिकीट दुकानातल्या पोराला द्या, पण खुर्ची रिकामी ठेवू नका.