न्यायाधीश, न्यायाधीशा की न्यायमूर्ती?

म्हापशाहून एका वाचकाने विचारले आहे : ‘वाचनालयाच्या वर्धापनदिनाची पत्रिका करतोय. प्रमुख पाहुण्या जिल्हा न्यायालयातल्या आहेत. न्यायाधीशा लिहावे की महिला न्यायाधीश? न्यायमूर्ती चालेल का?’

शेवटचा प्रश्न सोपा, तो आधी घेतो. न्यायमूर्ती म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातले, आपल्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या, पर्वरीच्या खंडपीठावरचे. जिल्ह्याला न्यायाधीश.

‘न्यायाधीशा’ संस्कृतच्या नियमात बसेल, पण मराठी कानाला ती हाक वाटते : हे न्यायाधीशा, न्याय कर! शिवाय न्यायाधीशाने, न्यायाधीशाला यांतले सामान्यरूपही तेच. ‘अध्यक्षा’लाही हीच अडचण आहे म्हणाल, तर खरे आहे, ते सवयीने रुळले, एवढेच. ‘-ईण’ लावावी तर आणखी पंचाईत. वकिलीणबाई म्हणजे पूर्वी वकिलाची बायको. मास्तरीण, डॉक्टरीण यांचेही तसेच. बायकांनी ती कामे स्वतः करायला घेतली, तेव्हा हे शब्द आधीच नवऱ्यांच्या नावावर चढलेले होते.

आपल्याकडची जुनी माणसे अजून ‘जुईज’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये त्याचे स्त्रीलिंगी रूप तयार आहे, जुईझा. पण १९७४ पर्यंत खुद्द पोर्तुगालमध्येच बाईला न्यायाधीश होता येत नव्हते. म्हणजे १९६१ पर्यंत गोव्याच्या कोर्टात जुईझा बसणे शक्यच नव्हते. शब्द होता, खुर्ची नव्हती. त्याच राजवटीच्या १८६७ च्या नागरी संहितेने बायकोला घरच्या मालमत्तेत अर्धा वाटा दिला, पण कारभार मात्र नवऱ्याकडे ठेवला. कागदावर आणि व्यवहारात अंतर असते ते असे.

ब्रिटिश हिंदुस्थानात घोडे उलट्या बाजूने अडले. वकिलीच्या कायद्यातल्या ‘व्यक्ती’त बाई मोडते का, यावर तिथे वाद झाला. पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धराव्यात असे १८९७ च्या कायद्यात लिहिलेले होते, तरी १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांना वकिलीची सनद नाकारली. पुढे पाटण्यालाही एका अर्जदार बाईंना नकारच मिळाला. शेवटी १९२३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. गंमत अशी की मराठीत ‘व्यक्ती’ मुळातच स्त्रीलिंगी. हा खटला मराठीत चालला असता तर बाप्यांनाच आपण व्यक्ती आहोत हे सिद्ध करावे लागले असते!

‘मूर्ती’ही स्त्रीलिंगीच. तरी ‘न्यायमूर्ती रानडे आली’ असे कोणी म्हटले नाही. आले म्हटले, कारण मराठी इथे शब्दाचे लिंग बघत नाही, समोरच्या माणसाचे बघते. तेच सूत्र बाईंना लावायचे : न्यायमूर्ती आल्या, न्यायाधीश म्हणाल्या. अ‍ॅना चांडी १९३७ मध्ये त्रावणकोरात मुन्सफ, म्हणजे कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश, झाल्या आणि १९५९ मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती. फातिमा बीवी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचल्या. सुजाता मनोहर १९७८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती झाल्या, १९९४ मध्ये तिथल्याच मुख्य न्यायमूर्ती. पर्वरीचे खंडपीठ त्याच न्यायालयाचे. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ चा विशाखा निकाल देणाऱ्या तिघांत त्या होत्या. या वाक्यांत क्रियापदाने बाई सांगितलीच आहे. मी ‘स्त्री’ एकदाच घातले, कारण तिथे ‘पहिल्या’ला आधार हवा होता.

म्हणून ‘महिला न्यायाधीश’ पत्रिकेवर नको. ‘पुरुष न्यायाधीश’ आपण छापत नाही. ‘प्रमुख पाहुण्या : जिल्हा न्यायाधीश’ आणि पुढे नाव, इतके पुरे, ‘पाहुण्या’ने काम झाले. नावाआधी ‘सौ.’ मात्र त्यांना विचारल्याशिवाय लावू नका.