रिकाम्या हातानं जा

प्रिय मावशी,
आम्ही मूळचे वसईचे. मिस्टरांना गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून तीन वर्षांपूर्वी सासष्टीतल्या एका गावात भाड्यानं राहायला आलो. वसईला मी शाळेत असल्यापासून गायनवृंदात होते. हार्मोनियम वाजवते, भरतकाम आणि क्रोशा येतो, आमच्या चर्चमधली वेदीवरची वस्त्रं मीच शिवायची. इथं आल्या आल्या कॉयरसाठी नाव दिलं. ‘पळोवया’, म्हणजे पाहूया, म्हणाले, त्याला अडीच वर्षं झाली. वेदीसाठी क्रोशाची झालर करून दिली, ती कधी लावलेली दिसली नाही. एका सभेत मी सुचवलं की गाण्यांचे कागद देवनागरीतही छापा, तर सगळे एकदम गप्प. तेव्हापासून त्या बायका माझ्याशी बेतानंच बोलतात. माझं नाव फक्त इगर्जीच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, झाडलोटीच्या यादीत येतं. आम्ही आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही, कुणाला कसला त्रास दिलेला नाही. मिस्टर म्हणतात, मिस्सा ऐकायची आणि घरी यायचं. पण संत पौल म्हणतो ना, डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही? मग ही माणसं मला दुसरं काय म्हणतायत? पाद्रींकडे सरळ तक्रार करू का? की माझं गाणं लोकांनी ऐकावं असं वाटणं हाच माझा गर्व आहे?
– एक वसईकरीण

अगं वसईकरणी,

आधी गर्वाचं बोलू, कारण ते तू शेवटी लिहिलंयस आणि तेच तुला रात्री झोपू देत नसणार. नाही, तो गर्व नाही. गळा देवानं दिलाय, तो पेटीत ठेवायला दिलेला नाही. कृपादानं फक्त धर्मगुरूंना मिळत नाहीत, पवित्र आत्मा ती सगळ्या थरांतल्या श्रद्धावंतांना वाटतो, असं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनं १९६४ साली स्वच्छ लिहून ठेवलंय. गाता येणाऱ्या बाईला अडीच वर्षं बाकावर बसून दुसऱ्यांचं गाणं ऐकावं लागलं तर तिचा जीव तुटणारच.

तुझ्यावर थोडा अन्याय झालाय, हेही मी मान्य करते. ‘पळोवया’ म्हणायचं आणि मग अडीच वर्षं पाहायचंच नाही, हे बरं नव्हे. झालर घेतली तर ती लावायची, नाहीतर का लावत नाही ते सांगायचं. एवढी रीत कुठल्याही गावाला असायला हवी.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला काय काय येतं ते सगळं त्यात आहे. तुझ्या वाड्यावरच्या एकाही बाईचं नाव त्यात नाही. सगळ्या मिळून ‘त्या बायका’. कुणाचं घर तुझ्या घराला लागून आहे, कुणाच्या सासूचं दुखणं चाललंय, कॉयरमध्ये तुझ्यासारखा आवाज कुणाचा आहे, काही नाही. आणि एक वाक्य तू मोठ्या अभिमानानं लिहिलंयस की आम्ही कुणाकडे काही मागितलेलं नाही. बाळा, माझ्या मते सगळी गाठ तिथं बसलीय.

पौलाचं ते वचन तू त्यांच्याकडे बोट करून वाचलंस. ते तुझ्याकडेही बघतंय. तीन वर्षं दाराला कडी लावून, कुणाकडे वाटीभर साखरही न मागता राहायचं, म्हणजे आपणही सगळ्यांना हेच सांगत असतो की मला तुमची गरज नाही. तुझ्या मनात तसं नसेल. पण बाहेरून ते तसंच दिसतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी सावंतवाडीहून फोंड्याकडे आले तेव्हा अगदी तुझ्यासारखीच होते. शिवणकाम येत होतं. गेल्या गेल्या कपेलासाठी, म्हणजे वाड्यावरच्या छोट्या चर्चसाठी, दोन टेबलक्लॉथ शिवून दिले, फेस्ताला फुलांचे पैसे दिले, नोवेनाला कधी चुकले नाही. दोन वर्षं माझ्या घराची पायरी कुणी चढलं नाही. मग सायबीण, म्हणजे मरियामातेची मूर्ती, घरोघर फिरायला लागली आणि आमची पाळी आली. मूर्ती संध्याकाळी यायची, रुजार म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची, मग लादाईन, म्हणजे मरियामातेची गाऊन म्हणायची विनवणी. लादाईन कशी म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. ती लॅटिनमध्ये असते हेसुद्धा नव्हतं. वेदी कशी मांडायची, लोकांना काय द्यायचं, काहीच माहीत नाही. दुपारी तीन वाजता माझा धीर सुटला आणि मी शेजारणीच्या मागच्या दारी गेले. ती बांगडे साफ करत होती. तिला म्हटलं, मला यातलं काही येत नाही, येशील का?

तिनं हात धुतले, माझ्याबरोबर आली, माझं टेबल पाहिलं आणि म्हणाली, “हें मेज ल्हान जालें.” आपल्या घरचं मोठं टेबल मुलाकडून उचलून आणलं. त्यावर तिची चादर, तिच्याच मेणबत्त्या. व्हायोलिनवाल्याला निरोप धाडला. मग ती चण्यांचा टोप घेऊन आली, उकडलेले, खोबऱ्याचे काप घातलेले. आता चणे काही तासाभरात भिजत नाहीत. तिनं ते आदल्या रात्रीच भिजत घातले होते. पाळी कुणाची आहे हे अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं, आणि या नव्या बाईला यातलं काही कळत नसणार हेही. फक्त न बोलावता दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायचं कसं, म्हणून ती थांबली होती. पुढच्या महिन्यात ती मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकचं कापड घेऊन माझ्याकडे आली. दोन टेबलक्लॉथनी जे झालं नव्हतं ते त्या मागण्यानं झालं.

म्हणून तुला सांगते, तू देत गेलीस हे चांगलंच केलंस, पण घेतलं काहीच नाहीस. ज्याच्याकडून आपण कधी काही घेतलं नाही त्याला आपलं देणं जड होतं. त्यात उपकाराचा वास येतो. येशूसुद्धा विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईशी बोलला तो आधी ‘मला प्यायला पाणी दे’ म्हणाला. जिवंत पाण्याची गोष्ट त्यानंतर निघाली.

आता त्या गप्प झालेल्या सभेबद्दल. तुला वाटतं तू साधी सोयीची सूचना केलीस, आणि तू ती सरळ मनानंच केलीस. इथली मुलं शाळेत कोंकणी देवनागरीतच शिकतात, मग गाण्यांचे कागद तसे का नकोत? पण गोव्यात लिपी ही फक्त लिपी नाही. १९८७ साली राजभाषेचा कायदा झाला तेव्हा त्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी असं धरलं गेलं. रोमी लिपी, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेली कोंकणी, बाहेर राहिली. आणि इथल्या क्रिस्तांव घरांत कोंकणी रोमीतच वाचली जात होती. प्रार्थनेची पुस्तकं, तियात्रांची म्हणजे कोंकणी नाटकांची पुस्तकं, साप्ताहिकं, आजीनं मुंबईला धाडलेली पत्रं, सगळं रोमी. आपली रोज वापरातली अक्षरं कायद्याच्या दारात उभी राहिली ही खंत अजून ओली आहे. त्यात मराठी बोलणाऱ्या बाईनं उठून ‘देवनागरीत छापा’ म्हटलं, तर त्यांच्या कानावर काय पडलं असेल? गोव्यात कोंकणी-मराठीवरून घराघरांत वाद झालेत. तुझा त्यात काडीचा दोष नाही. पण तू न बघता दुखऱ्या जागेवर हात ठेवलास.

कॉयरचंही एक कारण असू शकतं, आणि ते भाषेचं नाही. वसईला आपली गाणी पुष्कळदा पेटी-तबल्यावर चालतात, सगळे एका सुरात. गोव्यातल्या इगर्जींत पूर्वीपासून मेस्त, म्हणजे चर्चचे संगीतशिक्षक, मुलांना सोलफा म्हणजे स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवत आले. इथला कॉयर आवाजांचे भाग पाडून गातो. वरचा आवाज वेगळा, खालचा वेगळा, आणि सगळे एकमेकांत बसवलेले. तुझ्यासारखा मोकळा, तयार गळा त्यात एकदम सोडला तर तो सगळ्यांच्या वर जाईल. मेस्ताला ती भीती वाटत असेल आणि तोंडावर सांगवत नसेल. मला खात्री नाही. पण तू त्याला कधी विचारलं नाहीस हे तुझ्या पत्रावरून कळतं. तू नाव दिलंस, प्रश्न केला नाहीस.

तर असं कर. कॉयरमधली एखादी वयस्क बाई हेर, जिचा आवाज तुला मनापासून आवडतो. अशी एक तरी असेलच. तिच्याकडे जा आणि सांग, मला रोमी वाचता येत नाही, शिकवाल का? हे नाटक म्हणून करू नकोस. तुला खरंच येत नाही. ती तुला सांगेल की ‘श’साठी एक्स लिहितात, आणि शब्दाच्या शेवटचा एम बहुतेक वेळा म्हणायचाच नसतो, तो नाकातला अनुस्वार असतो. पोर्तुगिजांच्या वळणाचं लिहिणं आहे ते. महिनाभरात अडखळत का होईना, वाचू लागशील. आणि तिच्या तोंडून एखादं गाणं शिकून घे, तिच्या चालीत, तुझी एकही मुरकी न घालता.

तुझ्या तालुक्यातच याचा दाखला आहे. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी सासष्टीत काढला. इथल्या लोकांकडून त्यांनी कोंकणी घेतली, मराठी घेतली, ओवी घेतली, आणि मग क्रिस्तपुराण लिहिलं. १६१६ साली ते सासष्टीतल्याच रायतूरला छापलं गेलं तेव्हा भाषा मराठी होती आणि अक्षरं रोमी. तू ज्या अक्षरांपुढे अडलीयस, त्याच अक्षरांत आपली मराठी तुझ्या घरापासून जवळच पहिल्यांदा छापून निघालीय. मला हे आठवलं की बरं वाटतं. तुलाही वाटेल अशी आशा आहे.

झाडलोटीची यादी अपमान समजू नकोस. ती पाळीनं सगळ्या वाड्यांना येते. कॉयरच्या गॅलरीत बायका गातात, पण बोलतात त्या केर काढताना आणि नंतर पायरीवर चहा घेताना. तू झाडू ठेवून लगेच घरी पळत असशील, तर या वेळी थांब. झालरीचं तिथंच सहज विचार, ‘माप चुकलं का?’ म्हणून. वेदीची लांबी न मोजता केली असशील तर तसंही असू शकतं.

मिस्टरांना काही समजवायला जाऊ नकोस. लादाईनीला खुर्च्या मांडायला माणूस लागतो, तिथं त्यांना ने. पुरुष असेच माणसांत येतात.

वेगळा मराठी गट काढा, असं तुला कुणीतरी सुचवेल. सासष्टीत कामासाठी आलेली आपली माणसं आहेत, गट दहा दिवसांत जमेल. आज तरी तो काढू नकोस. त्यात तुझं गाणं ऐकलं जाईल, पण गावाशी असलेलं दार त्या दिवशी बंद होईल.

आणि तक्रार? ती करायची नाही असं मी म्हणत नाही. प्रेषितांची कृत्ये उघड, सहावा अध्याय. येरुशलेमच्या पहिल्याच मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. त्यांच्या लोकांनी कुरकूर केली. प्रेषितांनी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि वाटपासाठी सात माणसं निवडून घेतली, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. जे डावलले गेले होते त्यांच्यातलीच माणसं पंगतीवर नेमली. म्हणजे भाषेवरून माणूस बाहेर राहतोय असं दिसलं तर ते मोठ्यानं बोलणं हे मंडळीचंच काम आहे. तेव्हा नाताळपर्यंत मी सांगितलं ते करून पाहा. रोमी वाचता यायला लागलं, चाल बसली, माणसं ओळखीची झाली, आणि तरीही कॉयरचं दार उघडलं नाही, तर पाद्र विगारांना, म्हणजे इगर्जीच्या मुख्य पाद्रींना, वेळ मागून भेट आणि स्पष्ट सांग. तेव्हा तुझ्या बाजूनं बोलणारी त्याच वाड्यावरची एखादी बाई तुझ्या शेजारी बसलेली असेल. आज गेलीस तर एकटी जाशील.

वसईहून कुणी येणार असेल तर सुकेळी मागवून ठेव. पण पहिल्या दिवशी ती घेऊन जाऊ नकोस, फक्त वही आणि पेन्सिल ने. शिकवणारी बाई तुला रिकामी परत पाठवणार नाही, डब्यात काहीतरी भरून देईलच. नको म्हणू नकोस. डबा परत करायला जाशील तेव्हा सुकेळी घाल त्यात.

तुझी,
मावशी