वाचक विचारतात : रिकी नेल्सनच्या रेकॉर्ड आणि कोकणातली बुरशी

प्रश्न : मामेसासरे बोटीवर होते. त्यांनी आणलेल्या, अमेरिकन गायक रिकी नेल्सनच्या लहान रेकॉर्ड माळ्यावर सापडल्या. मधलं भोक मोठं आहे आणि वर पांढरी बुरशी आली आहे. त्या वाजतील का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : बहुतेक वाजतील, पण साफ केल्याशिवाय सुई मुळीच टेकवू नका. बुरशीचे कण सुईखाली रगडले की चरे कायमचे पडतात.

आधी अंगणात, नाकाला फडकं बांधून, मऊ ब्रशने कोरडी बुरशी झाडा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीत घालतात ते, गॅरेजमध्ये मिळतं) भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून पिळा आणि रेषांच्या दिशेने गोल पुसा. रेषांना आडवं घासू नका. लेबल कोरडं राहू द्या. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरच्या फडक्याने पुन्हा पुसा. विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार रेषांत वाळून बसतात आणि गाणं करकरतं. स्पिरिट, सॅनिटायझरही नको: त्या काळच्या पुष्कळ अमेरिकन ४५ च्या (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या) रेकॉर्ड व्हिनाइलऐवजी कडक, ठिसूळ पॉलिस्टायरिन प्लास्टिकच्या असत, स्पिरिटने त्या बिघडू शकतात. पंख्याखाली उभ्या ठेवून वाळवा. उन्हात ठेवल्यात तर वाकतील.

भोक दीड इंचाचं असल्याने मध्ये अडॅप्टर (भोक भरणारी चकती) लागेल. वेग ४५ ठेवा. जुन्या प्लेअरच्या सुईला दोन बाजू असतील तर ‘एलपी’चीच बाजू लावा, ‘७८’ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डची) जाड सुई या बारीक रेषा खाऊन टाकते. एवढं करूनही थोडी खरखर राहील, कारण जुनी बुरशी पृष्ठभागावर डाग पाडून जाते.

आगोटीच्या आधी जुनी कागदी पाकिटं बदला, तीच ओल धरून बुरशी पोसतात. पॉलिथिनची पाकिटं घ्या. रेकॉर्ड उभ्या ठेवा, पावसाची झड खाणाऱ्या भिंतीपासून दूर. डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) टाका आणि रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरा.

प्रश्न : रिकी नेल्सन टीव्हीवरचा लाडका पोरगा म्हणूनच गाजला ना? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : टीव्हीने दार उघडलं हे खरं. जन्म ८ मे १९४०. आई-वडील ऑझी आणि हॅरिएट यांची कौटुंबिक मालिका आधी रेडिओवर आणि १९५२ पासून टीव्हीवर होती, आणि त्यात तो स्वतःचीच भूमिका करायचा. १० एप्रिल १९५७ च्या भागात त्याने फॅट्स डॉमिनो या गायकाचं ‘आय अ‍ॅम वॉकिन’ गायलं आणि देशभरातल्या पोरी वेड्या झाल्या. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकाने ४ ऑगस्ट १९५८ ला लोकप्रिय गाण्यांची ‘हॉट १००’ यादी सुरू केली तेव्हा पहिल्या क्रमांकावर त्याचंच ‘पुअर लिटल फूल’ होतं.

पण टिकला तो गाण्यावर. आवाज तो कधी ताणत नाही, सूर अलगद ठेवतो. मागे गिटारवर जेम्स बर्टनसारखा माणूस. १९६१ च्या रेकॉर्डच्या एका बाजूला ‘ट्रॅव्हलिन मॅन’, दुसऱ्या बाजूला ‘हॅलो मेरी लू’. ‘हॅलो मेरी लू’तला बर्टनचा गिटारचा मधला तुकडा कान देऊन ऐका: लहानसा, एक सूर जास्तीचा नाही. तुमच्याकडे ती रेकॉर्ड असेल तर तीच आधी साफ करा.

बीटल्स आल्यावर त्याची लाट ओसरली. १९६९ मध्ये त्याने स्टोन कॅनियन बँड काढून कंट्री-रॉक धरलं. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जुन्या गाण्यांसाठी जमलेल्या लोकांसमोर नवं गायला, तर हुर्यो झाली. त्या प्रसंगावर त्याने ‘गार्डन पार्टी’ लिहिलं आणि १९७२ मध्ये ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

प्रश्न : त्याचं विमान नशेपायी जळालं म्हणतात. खरं का? (तेच वाचक)

उत्तर : नाही. ३१ डिसेंबर १९८५ ला टेक्सासमध्ये डी कॅल्बजवळ त्याचं डीसी-३ विमान पडलं. सातही प्रवासी गेले, दोघे वैमानिक वाचले. सरकारी तपासात आगीचं कारण पक्कं ठरलं नाही. संशय होता तो केबिन गरम करणाऱ्या पेट्रोलच्या हीटरवर. नशेमुळे आग लागल्याचा पुरावा मिळाला नाही.