माणूस मुळातच घाबरट आणि स्वार्थी असेल, तर राजकीय स्वातंत्र्य जपण्याची जबाबदारी सामान्य माणसावर टाकणं योग्य आहे का?

योग्य आहे. 'माणूस मुळात असाच' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता कानावर पडलं की डोकं फिरतं. त्यामुळे उत्तर जरा तिखट होईल, सांभाळून घ्या.

आमच्या कर्मचारी संघटनेची वार्षिक सभा होती. अध्यक्ष कामाचा माणूस, हे आधीच सांगतो. बढत्यांचं अडलेलं प्रकरण त्यांनीच मार्गी लावलं होतं. ठराव असा की व्यवस्थापनाशी बोलणी चालू आहेत, तेव्हा यंदाची निवडणूक पुढे ढकलावी आणि कार्यकारिणीचे सर्व अधिकार अध्यक्षांना द्यावेत. किती काळासाठी? ते ठरावात नव्हतंच.

'मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा.' पहिल्या रांगेतले हात झटक्यात वर गेले. मधल्या रांगांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हात उचलले. माझ्या शेजारी बसलेला मित्र तासाभरापूर्वी याच ठरावाला शिव्या घालत होता. त्याने हात कानापर्यंत नेला, खाजवल्यासारखं केलं आणि मग तसाच वर नेला.

मी उठून गुप्त मतदान मागितलं. 'म्हणजे तुमचा साहेबांवर विश्वास नाही?' म्हटलं, आहे ना, मग मतं मोजायला भ्यायचं कशाला? हशा पिकला आणि मागणी फेटाळली गेली. गुप्त मतदान ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत ते 1856 मध्ये आलं, ब्रिटनमध्ये 1872 मध्ये. त्याआधी मत चारचौघांत सांगावं लागे आणि कुणी कुणाला दिलं हे जमीनदाराला कळत असे. माणूस घाबरतो हे धरूनच ही सोय केली गेली. म्हणजे तुमच्या प्रश्नातला घाबरट माणूस लोकशाहीला चांगला ठाऊक आहे.

असो. सचिव इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' लिहीत होते. मी टेबलापाशी गेलो आणि ते खोडायला लावलं. 'बहुमताने मंजूर, एक विरोध', आणि पुढे माझं नाव. त्यांनी पेन आपटलं, पण लिहिलं. बाहेर पडताना अनेकांनी हळूच येऊन 'बरं केलंत' म्हटलं. मित्र म्हणाला, 'तुझं बरोबर होतं रे, पण एकट्याने काय होतं? माणूस मुळात असाच.'

आमचा वाद तेव्हापासूनचा. तो दर वेळी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिलग्रामचा प्रयोग पुढे करतो. येल विद्यापीठ, 1960च्या दशकाची सुरुवात. समोरच्याला विजेचे धक्के द्या असं सांगितलं म्हणून 40 पैकी 26 जण 450 व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. धक्के खोटे होते, पण त्यांना ते माहीत नव्हतं. बहुतेक लोक इथवरच सांगून हात झटकतात. त्याच मालिकेत आणखी एक प्रकार होता. त्यात सोबत बसवलेल्या दोघांनी (ते प्रयोग करणाऱ्यांचेच लोक होते) मध्येच नकार दिला. तेव्हा शेवटपर्यंत गेले 40 पैकी फक्त 4. काय बदललं? कुणीतरी आपल्या आधी नाही म्हणताना दिसलं, एवढंच.

दरवेळी एवढ्याने भागतं असं नाही. 23 मार्च 1933 ला जर्मन संसदेत 94 सोशल डेमोक्रॅट हिटलरच्या कायद्याविरुद्ध उभे राहिले. कम्युनिस्टांना तर सभागृहात येऊच दिलं नव्हतं. कायदा 444 मतांनी झाला आणि संसदेला विचारल्याशिवाय कायदे करायची मुभा सरकारला मिळाली. त्या 444 मध्ये सगळे नाझी नव्हते. मध्यममार्गी कॅथलिक पक्षाने हिटलरच्या आश्वासनांवर विसंबून मतं दिली. मला राग आहे तो या मधल्या रांगांचा. आणि 'अहो पण माणूस चांगला आहे' म्हणणाऱ्यांचा. कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, हे डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बजावलं होतं. आमचे अध्यक्ष तर थोरही नव्हते, नुसते कामाचे होते.

एक मात्र मान्य करतो. माझी नोकरी कायम होती. फार तर चारदोन दिवस कुणी बोललं नसतं. जिथे नाही म्हटलं की रात्री दारावर थाप पडते, तिथल्या माणसाला हे सुनवायचा मला अधिकार नाही. पण ज्याचं काही जाणार नाही त्याने स्वभावाच्या आड लपू नये. तुम्ही नेमके कुठे आहात ते प्रश्नावरून कळत नाही, तेव्हा माझं उत्तर अर्धंच समजा.

निवडणूक लांबली ती लांबलीच. पुढच्या वर्षी मुदतवाढीचा ठराव पुन्हा आला, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघीजणी उठल्या. आधी मागचं इतिवृत्त वाचून दाखवायला लावलं, मग गुप्त मतदान मागितलं. या वेळी ते द्यावं लागलं आणि ठराव पडला. मित्राच्या मते त्यात माझ्या विरोधाचं काही नाही, अध्यक्षांचा तोरा लोकांना तोवर खुपायला लागला होता. असेलही. मग तू मत कुणीकडे टाकलंस, असं विचारलं की म्हणतो, मतदान गुप्त होतं, सांगणार नाही.