एचएफ मशीनचं शील्ड, वायफायची भीती आणि गच्चीवरचा अँटेना

प्रश्न : नमस्कार, मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये एचएफ वेल्डिंग मशीनवर (हाय फ्रिक्वेन्सी, म्हणजे रेडिओ लहरींनी प्लॅस्टिक तापवून चिकटवणारं मशीन) ऑपरेटर आहे, पीव्हीसीची गाड्यांची कव्हरं, रेनकोट, फोल्डर असला माल निघतो. डायभोवतीचं, म्हणजे माल दाबणाऱ्या साच्याभोवतीचं, पत्र्याचं शील्ड सुपरवायझरने काढून ठेवलंय, माल लावायला वेळ जातो म्हणे. मध्ये पोरांनी गंमत म्हणून जुनी ट्यूबलाइट मशीनजवळ धरली तर तार-बीर न जोडताच पेटली, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. एकदा वेल्ड चालू असताना बोट डायला लागलं तर पांढरा ठिपका आला आणि आतून ठणकत राहिलं. सुपरवायझर म्हणतो रोज गूळ खा, काही होत नाही. माझं लग्न ठरलंय आणि पोरं चिडवतात की आता तुझ्या घरी पाळणा हलायचा नाही. खरंच कॅन्सर वगैरे होतो का?
– एक वाचक, अंबड

उत्तर : भाऊ, आधी गुळाचं मिटवू. गूळ खायला छान आहे पण त्याने रेडिओ लहरी अडत नाहीत, शील्डने अडतात.

तुमचं मशीन बहुतेक २७.१२ मेगाहर्ट्झवर चालत असेल. ही लहर एक्स-रेसारखी नाही, पेशीतला डीएनए थेट तोडण्याइतका जोर तिच्यात नसतो, ती तापवते. पीव्हीसी जसं आतून तापून चिकटतं तसंच समोर बसलेल्या माणसाचं अंगही थोडंफार तापतं, आणि डोळ्याचं भिंग आणि वृषण इथे रक्ताने उष्णता वाहून नेण्याची सोय कमी, म्हणून काळजी तिथे जास्त घ्यायची. वृषण सारखं तापत राहिलं तर शुक्राणू कमी होऊ शकतात, पण असा उष्णतेचा परिणाम सहसा तात्पुरता असतो, उष्णता थांबली की काही महिन्यांत भरून येतं. पोरांना चिडवू द्या. कॅन्सरचं म्हणाल तर २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने रेडिओ लहरींना २बी म्हणजे ‘शक्यता आहे’ एवढ्याच गटात टाकलं, तेही मुख्यतः मोबाईलवरच्या अभ्यासांवरून. माझ्या मते तुमचा आजचा धोका कॅन्सर नाही, ते बोट आहे. रेडिओ लहरींनी भाजलेलं वरून टाचणीएवढं दिसतं पण आत खोल गेलेलं असतं, त्यामुळे अजून दुखत असेल तर सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलात दाखवा आणि कामावर भाजलं असं केसपेपरवर लिहूनच घ्या.

ट्यूब पेटली म्हणजे फील्ड, म्हणजे मशीनच्या लहरींचा पसारा, बाहेर सांडतंय, आणि किलोवॅटच्या मशीनला शील्ड नसेल तर सांडणारच. पण ट्यूब म्हणजे मीटर नव्हे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त मीटर बऱ्याचदा घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी असतात, ते इथे काही कामाचे नाहीत, या फ्रिक्वेन्सीचं इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक फील्ड वेगवेगळं मोजणारं मीटर लागतं आणि घोट्यातून जाणारा करंटही मोजावा लागतो. हो, घोट्यातून! अंगात शिरलेला करंट पायातून जमिनीत उतरतो आणि घोटा बारीक असल्यामुळे तिथे तापतो. म्हणून ओल्या फरशीवर अनवाणी बसू नका, पायाखाली जाड कोरडी लाकडी फळी घ्या, स्टूल लोखंडी असेल तर लाकडी किंवा प्लॅस्टिकचं मागा, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा. साखरपुड्याची अंगठी असली तरी!

वेल्ड तीन-चार सेकंदच चालतो, तेवढ्यात दोन पावलं मागे सरकलात तरी फील्ड झपाट्याने उतरतं. तापण्याची मर्यादा सहा मिनिटांच्या सरासरीवर धरायची जुनी पद्धत आहे, म्हणजे वीस सेकंदांच्या फेरीत चार सेकंद वेल्ड असेल तर सरासरीत पाचवा हिस्साच धरला जातो. पण भाजायला सरासरी लागत नाही, एक स्पर्श पुरतो.

आणि शील्ड परत बसवून घ्या, अर्थिंगसकट, नुसता पत्रा लटकवून भागत नाही. मालकाशी नीट बोला, माल लावायला अडचण होते तर बिजागरीचं शील्ड करून मिळतं, त्यात काय एवढं. नाहीच ऐकलं तर फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी द्या. कुणाला पेसमेकर असेल तर त्याला मशीनजवळ फिरकूच देऊ नका.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे आणि ऑफिसमध्ये वायफायचं राउटर बरोबर डोक्यावर आहे. जागा बदलून मागू का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : मनाला बरं वाटत असेल तर मागा ताई, पण राउटर साधारण ०.१ वॅटचं असतं आणि वरच्या भाऊंचं मशीन काही हजार वॅटचं. त्यापेक्षा खुर्ची बरी आहे का ते बघा आणि तासाभराने उठून चाला. अँटी-रेडिएशन स्टिकरवर पैसे घालवू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाईल टॉवर आहे आणि पाण्याची टाकी अगदी अँटेनाच्या समोर. टाकी धुवायला येणारी माणसं तासभर तिथेच उभी असतात. चालतं का?
– सोसायटी सेक्रेटरी, कॉलेज रोड

उत्तर : अँटेनाच्या पाठीमागे किंवा खाली उभं राहणं आणि तोंडासमोर उभं राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, लहरींचा झोत पुढे जातो. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आहे, ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरला ०.४५ वॅट, पण ती लोकांचा वावर असतो तिथे पाळायची, अँटेनाला नाक लावून उभ्या माणसाला तिचा काय उपयोग! टॉवर कंपनीला आधी कळवून त्या बाजूचा सेक्टर, म्हणजे तिकडे तोंड असलेले अँटेना, तेवढा वेळ बंद करायला सांगा, फोनवर नको, ईमेलवर. आणि त्यांचा माणूस ‘बंद केलंय’ म्हणून सांगेपर्यंत गच्चीची किल्ली टाकी धुणाऱ्यांच्या हातात देऊ नका.