मगरीला मगर म्हण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि कविता मिळाली. कवितेचा अर्थ काय असं आईने विचारलं, तुला सांगता आला नाही, तेव्हापासून ही कविता खोटी तर नाही ना, ही शंका तुला खाते आहे. इथवर ठीक. पण पुढे तू लिहितेस, आता आणखी गूढ लिहून पाहते, म्हणजे कोणी विचारणारच नाही. हे वाचून मला राग आला. अर्थ सांगता न येण्यात लाज कसली? बडोद्याच्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून मगर पाहिली तेव्हा मनात काय झालं ते कळलं नाही, म्हणून तर तू लिहायला बसलीस. पण न कळलेलं झाकायला शब्दांचा धूर करायचा, हे मी चालवून घेणार नाही.

जे दिसलं ते नेमकं लिही. जे कळलं नाही त्याला हात लावू नकोस. मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि पत्रभर मी तेच सांगणार आहे.

तुझ्या सव्वीस ओळींत 'मगर' हा शब्द एकदाही नाही. 'कोणी' आहे, 'ते' आहे, 'जळातले मौन' आहे, 'अथांग' तर दोनदा आहे. वाचणारा निम्म्या कवितेपर्यंत हे कोण, ते ओळखत बसतो. हे कोडं झालं, आणि कोडं सुटलं की संपतं. भर शहरात, काळा घोडा चौकाजवळच्या पुलाखाली, वर रिक्षा-बसचा गोंगाट चाललेला असताना ती पडून असते. पावसाळ्यात पूर आला की सोसायट्यांच्या आवारात शिरते. तिचं नाव घेतल्याने यातलं काय कमी होणार आहे? मगरीला मगर म्हण.

आणखी एक. 'जबडा आवळून उन्हात पहुडले' असं तू लिहिलं आहेस. थंडीत सकाळी ऊन चढल्यावर जाऊन बघ, काठावर पडलेली मगर पुष्कळदा जबडा उघडा टाकून असते. पाण्यात असली की डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर राहतात, कारण त्या डोक्याच्या माथ्याकडेच असतात. बाकीचं धूड खाली. ही माहिती तुला पुस्तकात मिळेल, पण तू पुलावर उभी होतीस ना? मग बघितलं का नाहीस? पाहण्यात कसूर झाली की ती जागा 'अथांग' भरून काढतो.

आता काम कसं करायचं ते सांगते. वहीच्या डाव्या पानावर तारीख घालून आधी गद्यात दहा-बारा वाक्यं लिही: पाण्याचा रंग, वास, कोण काय बोललं, हात कुठे होते. 'जणू', 'जसे', 'भासे' वापरायचं नाही. गूढ, अनंत, शून्य, अस्तित्व हे शब्दही नाहीत. तिमिर आणि निशा तुमच्या घरात कोण म्हणतं? मग तेही नकोत. तुमच्या बोलण्यात गुजराती वळणं येतात, ती खुशाल येऊ देत. ती निदान तोंडातली आहेत. मग पंधरा दिवस वही मिटून ठेव. नंतर मोठ्याने वाच. जिथे जीभ अडखळते तिथे बहुतेक वेळा एखादा भरीचा शब्द असतो, आणि जिथे आवाज आपोआप भाषणासारखा चढतो तिथे तू समजावून सांगायला लागलेली असतेस. ती ओळ काढ. सहसा ती शेवटचीच असते. तुझी आहे 'हेच का जीवन, हाच का मृत्यू'. काढ.

उजव्या पानावर मोठ्या अभंगाचा साचा घे: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. जोडाक्षर एकच मोजायचं. तुझ्याच मजकुरातून मी हे बसवून पाहिलं:

पुलाखाली पाणी
मगरीचा डोळा
वर मुले गोळा
पाहणारी

बावीस अक्षरं झाली. कोण कोणाला पाहतंय हे मी ठरवलेलं नाही, तूही ठरवू नकोस. या साच्याचा मी आग्रह धरते तो यासाठीच. शेवटच्या चरणाला चारच अक्षरं मिळतात. तिथे 'म्हणजे' लिहिलंस की तीन संपली, उरलं एक. स्पष्टीकरण तिथे मावतच नाही. आणि मन मोजण्यात गुंतलेलं असलं की उपदेश करायला मोकळं राहत नाही.

तुकोबांचं 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' मोजून बघ. वीट, कटावर हात, तुळशीचा हार, पितांबर, सगळं डोळ्यांना दिसणारं. तो कोण आहे, का उभा आहे, याबद्दल तिथे काही नाही. पुढे 'तुळसीहार गळा'ला सात अक्षरं भरतात. गाताना ती सामावतात. तू मात्र वर्षभर सात करू नकोस. हात बसला की मात्रावृत्ताकडे वळ: लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराच्या दोन, आणि जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर तेही गुरू. म्हणून 'पुस्तक'मधला 'पु' गुरू, पण 'तुझ्या'तला 'तु' लघूच राहतो. नवशिके हमखास इथेच चुकतात. या सगळ्याचा काटेकोर हिशेब 'छंदोरचना' या ग्रंथात मांडणारे कवी माधव जूलियन 1894 साली आपल्या बडोद्यातच जन्मले, आणि इथली मुलं मला विचारतात की मोजायचं कशाला!

मोजायला लावते म्हणून मला जुनाट म्हणतात. म्हणू देत. मुक्तछंदाशी माझं वैर नाही, पण ज्याला बावीस अक्षरांत गप्प राहता येत नाही तो दोनशे ओळींत काय गप्प राहणार? दोष मुलांचा नाही म्हणा. 'कवीला काय म्हणायचे आहे?' हा प्रश्न शाळेत वर्षानुवर्षं गुणांसाठी विचारला गेला, त्यामुळे कवी काहीतरी लपवून ठेवतो आणि आपण ते शोधायचं, असं सगळ्यांना वाटू लागलं. तू काही लपवलेलं नाहीस. तू पाहिलंस, आणि त्यातलं काही तुला कळलं नाही. ते न कळलेलं तसंच राहू देण्याइतका धीर तुझ्यात आहे, हे मला कवितेच्या तिसऱ्या ओळीत दिसलं. ती ओळ ठेव: 'आजोबांनी माझा हात सोडला नाही.' सव्वीस ओळींत खरी तेवढीच आहे, आणि आजोबांनी तो का सोडला नाही हे तू सांगितलेलं नाहीस.

आईने पुन्हा अर्थ विचारला तर तिला पुलावर घेऊन जा. पुढची कविता पाठवशील तेव्हा सोबत अर्थ लिहून पाठवू नकोस. कागदाच्या एकाच बाजूला लिही, डावीकडे चार बोटं समास सोड, आणि डाव्या पानावरची ती गद्य वाक्यंही जोड. मी आधी तीच वाचणार आहे.

तुझी,
मावशी