फॉर्मवर तुम्ही स्टुडिओवाले आहात

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकाचं तीन पानी पत्र आलंय. वय ४३, धंदा फोटो पत्रकारिता, तीही कोणाच्या पगारावर नाही. पंधरा वर्षं ते आपल्याच तालुक्यातले आणि आसपासचे संघर्ष टिपतायत: खाणपट्ट्यातली गावं, खनिजवाहू ट्रक, मेळावलीचं आयआयटीविरोधी आंदोलन, मोलेचं जंगल. कमाई वर्षाला साधारण ६ लाख. त्यातले चार महिने पुष्कळ, बाकीचे कोरडे. पत्नी पतसंस्थेत, पगार २८ हजार. मुलगी ११ वर्षांची.

त्यांचा प्रश्न असा: कॅमेऱ्याची नवी मिररलेस बॉडी आणि लांब पल्ल्याची लेन्स मिळून ४ लाख २० हजार लागतायत. कर्ज काढू, की चार वर्षं वर्षाला १ लाख भरलेली युलिप (आयुर्विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) मोडू?

याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे, ते खाली देतो. पण दुसऱ्या पानावर, कंसात, एक वाक्य आहे आणि मी तिथेच अडकलो. वाक्य असं: ‘गेल्या वर्षी एका गावात ट्रक अडवताना झालेल्या रेटारेटीत मनगट मोडलं, प्लेट बसवली, १ लाख ४० हजार गेले, पण अपघात विम्याचा क्लेम केला नाही कारण एजंट म्हणाला उगाच चौकशी होईल.’

विम्याचा एजंट गिऱ्हाइकाला क्लेम करू नका म्हणतो तेव्हा कपाट उघडून प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत काढायची. तुम्ही ती काढली आणि फोटो पाठवलात, हे बरं केलंत. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलंय ‘फोटो स्टुडिओ (मालक)’. खाली सही तुमची. तुमचा स्टुडिओ कधीच नव्हता. तुम्ही लिहिता, ‘त्याने सांगितलं, असं लिहिलं की प्रीमियम कमी बसतो.’ बसतोच. अपघात विम्यात कामाच्या धोक्याप्रमाणे गट असतात. दुकानात पासपोर्ट फोटो काढणारा सर्वांत स्वस्त गटात येतो आणि जमावाच्या मधोमध उभं राहून फोटो काढणारा येत नाही. त्या फरकातून तुम्ही वर्षाला हजार-दोन हजार वाचवले असतील.

आता हिशेब. ‘माझं ३५ लाखांचं संरक्षण आहे’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. ते दोन तुकड्यांचं आहे. युलिपमधले १० लाख पक्के. ती पॉलिसी तीन वर्षांपुढे गेली आहे, आणि विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर आयुर्विमा कंपनीला फॉर्ममधल्या चुकांवरून हात वर करता येत नाहीत. उरलेले २५ लाख अपघात विम्याचे. ती दरवर्षी नव्याने घेतली जाणारी साधारण (जनरल) विम्याची पॉलिसी आहे, तिला कलम ४५ चं छत्र नाही. क्लेम आला की तपासनीस येणार, वाळपईच्या बाजारात ‘यांचा स्टुडिओ कुठे?’ म्हणून विचारणार, आणि संपलं. म्हणजे ३५ नव्हे, १०. तुमची कमाई ६ लाख असताना १० लाख म्हणजे जेमतेम वीस महिने.

ही फसवाफसवी पुरे नसेल तर पॉलिसीच्या बारीक अक्षरांतलं एक कलम वाचा. युद्धाबरोबर तिथे दंगलीतला ‘सहभाग’ही वगळलेला आहे. तुम्ही सहभागी नसता, काम करत असता, हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. कंपनी मात्र पोलिसांचे कागद बघते. २०१७ साली सोनशीत ट्रक अडवले म्हणून ४५ गावकऱ्यांना अटक झाली, तेव्हा तुम्ही तिथे होतात असं तुम्हीच लिहिलंय. अशा धरपकडीत हवालदार कोणाच्या गळ्यात कॅमेरा आहे ते बघून नावं लिहीत नाही. एफआयआरमध्ये जमावातला म्हणून नाव गेलं की तोच कागद तुमच्या क्लेमविरुद्ध उभा राहतो. तेव्हा इथून पुढे कामावर निघण्याआधी ज्याच्यासाठी फोटो काढताय त्याच्याकडून तारीख, गाव आणि काम लिहिलेली एक ईमेल घ्या. दोन ओळी पुरतात. कोणी मागितलेलं नसेल, स्वतःहून जात असाल, तर एखाद्या संपादकाला निघण्यापूर्वी ‘अमुक ठिकाणी चित्रीकरणाला जातोय’ एवढं कळवा. फुकट आहे आणि वेळेवर कामाला येतं.

त्या १ लाख ४० हजारांबद्दल अजून एक. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तुमच्याकडे होतं, मुदत संपली होती, नूतनीकरण राहिलं. काही शे रुपयांचं काम. तीन माणसांच्या कुटुंबाला ठरावीक उपचारांसाठी अडीच लाखांपर्यंत मिळतात त्यात. नाहीतर गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज, होतंच बांबोळीला. तुम्ही खासगी इस्पितळात गेलात, कार्डाविना, आरोग्य विम्याविना. आरोग्य विमा का नाही, तर ‘युलिप आहे ना’. युलिप इस्पितळाचं बिल भरत नाही हो!

आता युलिप. एजंटाने तुम्हाला ‘मोडली की ४ लाख ३० हजार हातात’ असं सांगितलंय. नाही मिळणार. युलिपला पाच वर्षांची कुलूपबंदी असते. तुमचा पाचवा हप्ता येत्या नोव्हेंबरात आहे आणि पाच वर्षं पुरी होतात ती पुढच्या नोव्हेंबरात. आज बंद केलीत तर रक्कम एका वेगळ्या फंडात पडते, तिथे किमान ४ टक्के व्याज मिळतं, आणि हातात येते पुढच्या नोव्हेंबरातच. म्हणजे ‘मोडू का’ हा प्रश्न कॅमेऱ्यापुरता निकालात निघाला.

पाचवा हप्ता भरू नका. त्याचा १ लाख असा वाटा: ७५ लाखांचा शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स), खरा व्यवसाय लिहून. जोखमीचा जादा आकार धरून ३०-३५ हजार. तुमच्या कमाईची बारा-तेरा वर्षं, मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत. तिघांचा मिळून १० लाखांचा आरोग्य विमा, २५ हजारांच्या आसपास. अपघात विमा नव्याने, खऱ्या धंद्याचा, महाग पडला तरी. त्याला १० हजार धरा. बेरीज ७० हजार, उरले ३०. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेव्हा जुने कोष्टक कोणी दाखवलं तर करासकटचा आकडा मानू नका. मुदत विम्याची पॉलिसी प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत मात्र युलिप चालू राहू दे, ते १० लाख तरी सांभाळा. आणि एका कंपनीने तुमचा धंदा बघून नाही म्हटलं तर दुसरीकडे जा. धंदा लपवून तिसरीकडे जाऊ नका.

कॅमेरा. ४ लाख २० हजारांचं कर्ज, १४ टक्के, तीन वर्षं: महिना १४,३५०, एकूण ५ लाख १७ हजार. तुम्ही लिहिलंय ‘नव्या बॉडीमुळे परदेशी कामं वाढतील’. किती, कोणाकडून, हे नाही लिहिलं. लांब लेन्सची गरज वर्षाला पंचवीसेक दिवस, हे मात्र लिहिलंय. तेवढे दिवस भाड्याने आणा. दिवसाला अडीच हजार धरले तरी ६२ हजार. आणि बॉडी घ्यायचीच असेल तर गोव्यात लग्नांचे फोटोवाले दर दोन वर्षांनी बॉडी बदलतात, निम्म्या भावात मिळते. त्या उरलेल्या ३० हजारांत आधी तुमच्या जुन्या लेन्सवरची बुरशी साफ करून घ्या. जून ते सप्टेंबर सत्तरीच्या हवेत स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून लेन्स ठेवणं हा तुमचा तोडगा मला आवडला, पण पुड्या बदलायच्या असतात. कॅमेऱ्याचा विमा घ्याल तर ध्यानात ठेवा, बुरशी त्यात धरत नाहीत.

कर्जाबद्दल मी एवढा कडवट का, ते तुम्हाला सांगायला नको. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा घरापुढे उभे राहिलेले ट्रक तुम्हीच टिपलेत. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द झाली, मार्चच्या मध्याला उत्खनन बंद, पुन्हा तेच ट्रक, तेच हप्ते. त्या ट्रकमालकांची कमाई दुसऱ्याच्या हुकुमावर होती आणि हप्ता स्वतःच्या सहीवर. त्यांच्यासाठी सरकारला कर्जसवलतीची योजना तरी काढावी लागली. फोटोवाल्यांसाठी कोण काढणार?

‘माझं पेन्शन म्हणजे माझं आर्काइव्ह. एखादी परदेशी संस्था ३०-४० लाखांना घेईल.’ या ओळीखाली मी लाल रेघ मारली. माझ्या तक्त्यात त्याची किंमत आज शून्य. कोणी विकत घेतलं तर मला पेढे पाठवा. त्याआधी ते फोटो तुमचे आहेत का ते पाहा. स्वतःहून जाऊन काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट तुमचा, हयातभर आणि पुढे ६० वर्षं, म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत. पण कोणी मानधन ठरवून सांगून काढून घेतलेले फोटो, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याच्या मालकीचे ठरू शकतात. पंधरा वर्षांतली किती कामं कराराविना झाली? पत्रावरून वाटतं, बहुतेक सगळी. इथून पुढच्या प्रत्येक ईमेलमध्ये ‘कॉपीराइट छायाचित्रकाराकडे’ एवढी ओळ घाला. आणि दोन हार्ड डिस्क एकाच लाकडी कपाटात ठेवणं म्हणजे एकच डिस्क असणं. एक पणजीला बहिणीकडे ठेवा.

आता दोन गोष्टी पत्नीसंबंधी. पत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘सौ.ला अजून सांगितलेलं नाही.’ गोव्यात लग्न झालंय, वेगळा करार नोंदवलेला नाही, म्हणजे पोर्तुगीज नागरी कायद्यातली समाईक मालमत्तेची पद्धत तुम्हाला लागू आहे. ज्या युलिपला मोडायला निघालात तिची निम्मी मालकी त्यांची. आज रात्री जेवताना सांगा.

दुसरी गोष्ट आयकराची. तुम्ही ६ लाख पूर्ण स्वतःच्या नावावर दाखवता. गोव्यातल्या या पद्धतीखालच्या नवराबायकोंचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न निम्मं-निम्मं दोघांच्या विवरणपत्रांत जातं. १९६१ च्या कायद्यात हे कलम ५अ मध्ये होतं आणि विवरणपत्रातच पोर्तुगीज नागरी कायद्याचा प्रश्न विचारला जात असे. तुम्ही तिथे ‘नाही’ टिचकी मारलीत. तुमचे ३ लाख, त्यांचे ३ लाख अधिक पगाराचे ३ लाख ३६ हजार. नव्या कररचनेत दोघांनाही कर शून्यच, पण त्यांचं विवरणपत्र भरलं जात नाही आणि ते भरायला हवं. फोंडा किंवा म्हापशातला कोणताही जुना सीए हे झोपेत करून देईल. मागच्या वर्षांचं काय ते त्यालाच विचारा.

आणि मनगटाचे एक्स-रे, बिलं, डिस्चार्ज कार्ड फेकू नका. नव्या प्रपोजल फॉर्ममध्ये ‘यापूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का?’ असा रकाना येईल. तिथे स्वतःच्या हाताने ‘हो’ लिहा, आणि एजंट ‘राहू दे’ म्हणाला तर फॉर्म त्याच्याकडून परत घ्या.